केळझरच्या शिवारात बांधवांची रात्र

बुटीबोरी मागे पडते आणि वर्ध्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कपाशी लागते. जानेवारी सरत आला आहे. वेचणी झालेल्या पऱ्हाट्यांवर चुकार बोंडे पांढरी दिसतात, तुरीच्या गंजी वावरात उभ्या आहेत, त्यांच्या पलीकडे हरभरा हिरवागार आहे. मग केळझरची टेकडी समोर येते. वर सिद्धिविनायकाचे मंदिर, खाली गाव. आमचा टेम्पो गावाच्या अलीकडेच डांबर सोडून पांदणीला लागतो आणि मागे बसलेली माणसे हसत एकमेकांवर आदळतात.

टेम्पोत सगळे पुरुषच आहेत. नागपूर आणि वर्ध्याकडच्या मंडळ्यांतले ख्रिस्ती बांधव. रेल्वेतून निवृत्त झालेले मामा, इस्पितळात ब्रदर म्हणून रात्रपाळ्या करणारे दादा, एक रिक्षावाले भाऊ, बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतला एक भाऊ, हिस्लॉप कॉलेजात शिकणारा पोरगा, दोन-तीन शिक्षक आणि पाळकसाहेब. कोणी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, कोणी मेथडिस्ट, कोणी कॅथलिक. नागपूरकडच्या माणसांना हे एकत्र बसणे नवे नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली, ती नागपुरातच. आज मात्र ठराव नाही, सभा नाही. एक दुपार, एक रात्र आणि एक सकाळ उघड्यावर काढायची, एवढेच ठरले आहे.

हे का ठरले, ते पाळकसाहेब उतरता उतरता सांगतात. महिला संघाच्या बाया आठवड्याला भेटतात. एकीचे मूल आजारी पडले तर दुसरीला संध्याकाळपर्यंत कळते. पुरुष मात्र उपासना संपली की दाराशी हात मिळवतात, ‘सलाम’ म्हणतात आणि गाडीला किक मारतात. वर्षानुवर्षे एकाच बाकावर शेजारी बसणाऱ्या दोघांना एकमेकांच्या घरचे काही ठाऊक नसते. ‘पुरुषांना समोरासमोर बसवून बोला म्हटलं की ते बोलत नाहीत,’ पाळकसाहेब म्हणतात. ‘हाताला काम द्या, पायाला चाल द्या, मग तोंड उघडते.’

शेतमालक काका बांधावर उभे आहेत. गळ्यात गमछा, हातात काठी. ते गणपतीचे भक्त. आमच्यातल्या एका शिक्षकाचा त्यांच्या घरी जुना राबता आहे. ‘या, बसा. आधी पाणी घ्या,’ म्हणतात आणि लगेच ताकीद देतात, ‘तंबू धुऱ्यापाशी नका ठोकू बाप्पा, रातच्यानं डुकरं तिथूनच येऊन राहिले.’ रानडुकरे आणि रोही या दोघांनी इथल्या शेतकऱ्याची झोप नेली आहे. पीक उभे असेपर्यंत जागल करावी लागते. पलीकडे बोरचे जंगल आहे. १९७० साली ते अभयारण्य झाले आणि २०१४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. देशातल्या लहान व्याघ्रप्रकल्पांत त्याची गणना होते, पण वाघ हद्दीची पाटी वाचत नाही. म्हणून आमचा मुक्काम जंगलात नाही, गोठ्याजवळच्या उघड्या वावरात आहे. नियमही ठरले आहेत: अंधार पडल्यावर एकट्याने हलायचे नाही, दारूचा थेंब नाही, प्लास्टिकचा तुकडा मागे ठेवायचा नाही आणि फोन एका थैलीत जमा करायचे. थैली ब्रदर दादांकडे आहे. घरून तातडीचा फोन आला तर तेच उठवतील.

तंबू उभे राहू लागतात. काळी माती वरून भुसभुशीत आहे, वीतभर खाली दगडासारखी. खुंट्या आत जाईनात. कॉलेजचा पोरगा जोर लावून वाकवतो. मामा शांतपणे त्याच्या हातातून हातोडा घेतात, खुंटी तिरकी धरतात आणि चार ठोक्यांत बसवतात. मग दोरीची गाठ कशी मारायची ते दाखवतात. पोरगा दोनदा चुकतो, तिसऱ्यांदा जमते. मामांचा स्वतःचा मुलगा पुण्यात असतो, हे त्या गाठीच्या निमित्ताने निघते. फोन रविवारी येतो आणि लवकर संपतो, हेही निघते. मंडळीत इतकी वर्षे मामांना पाहतो आहे, पण हे आज ऐकतो.

ऊन उतरल्यावर आम्ही टेकडी चढतो. वर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि विदर्भातल्या अष्टविनायकांमध्ये मोजला जाणारा हा गणपती. दर्शनाला आलेली कुटुंबे पायऱ्या उतरत आहेत. आम्ही बाजूच्या कठड्याशी उभे राहून खालचे शिवार पाहतो: गव्हाचे चौकोन, नाल्याकाठची बाभळीची रांग, दूर महामार्गावरचे ट्रक. महाभारतातली एकचक्रा नगरी म्हणजेच केळझर, असे इथली परंपरा सांगते. पाळकसाहेब याच भागात वाढलेले, त्यांना ही कथा लहानपणापासून पाठ आहे. लाक्षागृहातून सुटलेले पांडव कुंतीसह एका ब्राह्मणाच्या घरी लपून राहिले होते. बकासुराला गाडाभर अन्न आणि एक माणूस द्यायची पाळी त्या घरावर आली. भिंतीपलीकडे रडणे सुरू झाले आणि कुंतीने ते ऐकले. ती उठून गेली, काय झाले म्हणून विचारले आणि मग भीमाला पाठवले.

‘भीमाचा पराक्रम सगळे सांगतात,’ पाळकसाहेब म्हणतात. ‘पण आधी कोणीतरी रडणं ऐकलं, ते महत्त्वाचं आहे. ऐकलंच नसतं तर भीम घरातच बसला असता.’

कोणी काही बोलत नाही. बुटीबोरीचा भाऊ कठड्यावर हात टेकून खाली पाहत राहतो.

खाली आल्यावर खेळ रंगतो. दोन बाभळींच्या मध्ये जाळी बांधून व्हॉलीबॉल, मग कबड्डी. ज्यांना गुडघेदुखी आहे ते पंच. पाळकसाहेब चढाईला येतात तेव्हा दोन्ही संघ ओरडतात आणि रिक्षावाले भाऊ त्यांना कमरेला धरून सरळ मातीत लोळवतात. धूळ झटकत उठलेल्या पाळकसाहेबांना हसू आवरत नाही. वेदीवर झग्यात उभा राहणारा माणूस आणि त्याच्याशी दबकून बोलणारी माणसे यांच्यातले अंतर त्या मातीत मिटते. संध्याकाळी हीच माणसे त्यांच्याशी मोकळे बोलतील, असे आत्ताच जाणवते.

अंधार पडायच्या आत स्वयंपाक लावायला हवा. वैदर्भी माणूस रानात जेवायला बसला की रोडगे आणि वांग्याची भाजी हवीच. जाडसर कणकेत मोहन, ओवा आणि मीठ घालून ब्रदर दादा घट्ट पीठ मळतात. मामा गोवऱ्या रचतात. त्या पेटून धग उतरली, राखाडी आर झाला की रोडगे त्यात सोडायचे आणि उलटत राहायचे. घाई केली तर वरून करपतात, आत कच्चे राहतात. दुसऱ्या चुलीवर तुराट्यांच्या जाळावर वांगी शिजत आहेत. काकांच्या आई, वयाने वाकलेल्या आजी, काठी टेकत येतात, पातेल्यात डोकावतात आणि म्हणतात, ‘तिखट कमी पडून राहिलं रे पोट्टेहो.’ स्वतःच्या घरचे तिखट आणून त्या हाताने टाकतात. चर्चच्या भांड्यात गणपतीच्या भक्ताघरचे तिखट पडते आणि भाजीचा वास बदलतो.

जेवणाआधी प्रार्थना होते. ती लहान आहे, कारण सगळ्यांना भूक लागली आहे. रोडगा फोडायचा, आतल्या वाफेवर तूप ओतायचे, भाजीत कुस्करायचा. आजींसाठी आणि काकांसाठी ताट पहिल्यांदा वाढले जाते. पुरुषच वाढतात, पुरुषच भांडी घासतात. घरी ताटावरून उठून जाणारे दोघे शिक्षक राखेने पातेले घासत आहेत. एक म्हणतो, ‘घरी गेल्यावर हे सांगू नका, रोजचं लागेल.’ दुसरा म्हणतो, ‘लागू द्या. लागायलाच पाहिजे.’

मग शेकोटी. खड्डा खणून, आजूबाजूचे गवत काढून, शेजारी पाण्याचे दोन ड्रम ठेवून ती पेटवली आहे. आकाश काळेभोर आहे. मृग नक्षत्र वर आले आहे, त्याच्या खाली व्याध झळकतो आहे, डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका. एक शिक्षक सांगतात की बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात मृग आणि कृत्तिका ही दोन्ही नक्षत्रे येतात. ईयोब म्हणजे सगळे गमावून राखेत बसलेला माणूस. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ नुसते बसले होते. पुढे ते बोलायला लागले आणि बिघडले.

पाळकसाहेब आज प्रवचन करत नाहीत, एक गोष्ट सांगतात. एलीया संदेष्ट्याची. मोठे काम केलेला, राजाला न घाबरलेला माणूस एके दिवशी खचतो, जीव वाचवायला रानात पळतो आणि एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देव त्याला रागावत नाही, श्रद्धा कमी पडली असेही म्हणत नाही. तो आधी त्याला झोपू देतो. मग दूत त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू असतो. खाऊन तो पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला दिले जाते. पुढची वाट कोणती, हे बोलणे त्यानंतरचे. ‘माणूस मोडतो तेव्हा देवाचं पहिलं औषध म्हणजे झोप, भाकर आणि हाताचा स्पर्श,’ ते म्हणतात. ‘आपण मात्र आधी उपदेश करतो.’

रानात जाऊन देवासमोर उभे राहण्याची ही रीत जुनी आहे. तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात अंतोनी आणि त्यांच्यामागून अनेक जण गेले, ते या एलीयाच्या वाटेनेच. आज अमेरिकेत कॅलिफोर्निया-ॲरिझोनाकडच्या मंडळ्यांतले पुरुष तंबू घेऊन तिथल्या वाळवंटात जातात, दिवसा खडक चढतात आणि रात्री आगीभोवती प्रार्थना करतात. विदर्भात वाळवंट नाही. पण कापूस निघून गेलेले काळे वावर आहे, आणि त्यात बसलेल्या माणसाची कोरड काही कमी नसते.

‘मी सांगतो,’ असा आवाज येतो. बुटीबोरीचा भाऊ आहे. तो आगीकडे पाहत बोलतो. ‘तीन महिने झाले, कामावरून काढलं. घरी सांगितलंच नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघतो. स्टेशनावर जातो, बाकावर बसतो, डबा खातो. शिफ्ट सुटायच्या टायमाला घरी. बायको विचारते, आज लय काम होतं काय? मी म्हणतो, हो.’ थोडे थांबून तो म्हणतो, ‘परवा गाडी येत होती तेव्हा रुळाकडं पाहून राहिलो होतो. मग भीती वाटली. म्हणून आलो इथं.’

तुराट्या तडतडतात. कोणी शास्त्रवचन ऐकवत नाही, कोणी ‘सगळं ठीक होईल’ म्हणत नाही. मामा उठतात, त्याच्या शेजारी येऊन बसतात आणि आपली शाल त्याच्या खांद्यावर टाकतात. रिक्षावाल्या भाऊंना मात्र राहवत नाही. त्यांचा आवाज फाटतो. ‘काहून नाही सांगितलं बे? मी रोज त्याच स्टेशनासमोर उभा राहतो ना!’

आणि मग बुटीबोरीचा भाऊ रडतो. हमसून, तोंड न लपवता. हे रडणे ऐकायला आज माणसे आहेत.

त्याच्या परवानगीने आणि त्याची ओळख लागणार नाही अशा बेताने हे लिहितो आहे, कारण तो एकटा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केल्या; त्यांत दर दहामागे सात पुरुष होते. वर्धा जिल्ह्याला तर हे दुःख आकड्यांआधीच माहीत आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. कर्ज, पाऊस, भाव ही कारणे खरीच आहेत आणि त्यांची उत्तरे शेकोटीपाशी मिळत नाहीत. पण या साऱ्याबरोबर एक गोष्ट असते: घरचा कर्ता म्हणून गप्प राहण्याची सक्ती. ती सैल करणे आपल्या हातात आहे.

काका इतका वेळ मागे उकिडवे बसून ऐकत होते. ते आगीजवळ सरकतात. ‘आमच्याकडंही तसंच हाये,’ म्हणतात. ‘कापसाचं सगळे इचारते. माणसाचं कोणी नाही इचारत.’ त्यांच्या चुलतभावाचे ते सांगतात, थोडक्यात आणि नाव न घेता. आम्ही टोप्या काढतो. पाळकसाहेब विचारतात, ‘काका, त्यांच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?’ ते मान हलवतात आणि हात जोडतात. प्रार्थना आमच्या रीतीने होते, नमस्कार त्यांच्या रीतीने.

ब्रदर दादांनी रात्रपाळीत अशी माणसे वाचवलेली आणि गमावलेली, दोन्ही पाहिली आहेत. ते एकच ठाम गोष्ट सांगतात: मरणाचा विचार कोणी बोलून दाखवला तर तो नाटक करतो असे समजायचे नाही, त्याला एकटे सोडायचे नाही आणि सकाळी डॉक्टरांकडे सोबत जायचे. प्रार्थना आणि दवाखाना यांत भांडण नाही. भाऊ मान हलवतो. सोमवारी मामा त्याच्याबरोबर जाणार, हे तिथेच ठरते.

आग थोडी निवल्यावर कॉलेजचा पोरगा विचारतो, ‘हिस्लॉप म्हणजे कोण होते?’ तीन वर्षे ते नाव ओळखपत्रावर बाळगणाऱ्या पोराला उत्तर द्यायला सगळे पुढे होतात, पण सांगायचे काम पाळकसाहेबांकडेच येते.

स्टीफन हिस्लॉप १८१७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मले आणि १८४५ च्या सुरुवातीला नागपुरात आले. तेव्हा इथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी शाळा काढली. पुढे रॉबर्ट हंटर हे सोबती मिळाले. हे दोघे मिशनरी तंबू घेऊन गावोगाव फिरत, लोकांशी बोलत आणि वाटेतले खडक पाहत. १८५१ साली नागपूरजवळच्या टाकळीला फिरायला गेले असताना त्यांना खडकात जीवाश्म दिसले. त्यातून नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा त्यांचा निबंध तयार झाला आणि १८५५ साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात आला. हिस्लॉपाइट या खनिजाला त्यांचेच नाव आहे. गोंडांच्या गीतांची आणि चालीरीतींची त्यांनी जमवलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी छापली. दोन मित्रांचे एकत्र चालणे किती फळाला येते, याचे हे आपल्या मातीतले उदाहरण.

‘आणि मेले कसे?’ पोरगा विचारतो.

‘इथून जवळच, आपण आलो त्या वाटेवर,’ पाळकसाहेब म्हणतात. ४ सप्टेंबर १८६३. हिस्लॉप टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला गेले होते. गावातली शाळा तपासायची म्हणून ते मागे थांबले आणि अंधार पडल्यावर घोड्यावरून एकटेच बोरीच्या छावणीकडे निघाले. वाटेतल्या नाल्याला पावसाने पूर आला होता. घोडा छावणीत पोहोचला, स्वार पोहोचला नाही. चार दिवसांनी त्यांना सेहेचाळीस वर्षे पूर्ण झाली असती. १८८३ मध्ये सुरू झालेल्या कॉलेजाला त्यांचे नाव दिले गेले.

रात्री जागल वाटून घेतली आहे. जोडीजोडीने. माझ्या जोडीला एक शिक्षक आहेत. धुऱ्याकडून खुसपुस येते, काका गोठ्यातून डबा वाजवतात, डुकरे पळतात. थंडी हाडात शिरते. शिक्षक हळू आवाजात आपल्या आईच्या आजारपणाचे बोलतात, मी माझ्या घरचे बोलतो. अंधारात एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत, म्हणून बोलणे सोपे जाते. पहाटेपर्यंत आमची नुसती ओळख राहिलेली नाही.

रविवारची सकाळ दवाने भिजलेली. आजींनी चहा पाठवला आहे, सोबत ओल्या हरभऱ्याचे टहाळ. ते विस्तवावर भाजून हुळा करतो आणि काळ्या बोटांनी खातो. पाळकसाहेब उपासनेची सुरुवात इथूनच करतात. पुनरुत्थानानंतर येशू समुद्रकाठी शिष्यांना भेटतो. रात्रभर जाळी टाकून थकलेली, भ्यालेली, त्याला सोडून पळालेली ती माणसे. तो त्यांच्यासाठी निखारे पेटवून मासे भाजतो आणि न्याहारीला बोलावतो. ज्या पेत्राने त्याला तीनदा नाकारले, त्याच्याशी तो न्याहारी झाल्यावर बोलतो, आधी नाही.

टाळ निघतात आणि नारायण वामन टिळकांची भजने सुरू होतात. टिळक नागपुरात राहून गेलेले. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मराठी ख्रिस्ती माणसाच्या हाती अभंग आणि टाळ दिले. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. आज वावरात काका आजींसह खाटेवर बसून ठेका धरत आहेत, तेव्हा त्या दरबाराचा अर्थ मला कळतो.

निघण्याआधी शेवटचे काम होते. येशूने शिष्यांना दोघा-दोघांना पाठवले होते, तशा आमच्या जोड्या लागतात. दर आठवड्याला एकाने दुसऱ्याला भेटायचे किंवा फोन करायचा. ‘सलाम’ म्हणून थांबायचे नाही. घरचे, कामाचे, झोपेचे विचारायचे. बुटीबोरीच्या भावाची जोडी रिक्षावाल्या भाऊंशी लागते. दुसरे कोणी नाव पुढे करायच्या आत त्यांनीच हात वर केला आहे. आणखी एक ठरते: आज घरी भाऊ एकटा जाणार नाही. पाळकसाहेब आणि मामा सोबत जातील आणि बायकोला तो स्वतः सांगेल.

शेकोटीवर पाणी ओततो, खड्डा बुजवतो, वावर झाडून घेतो. परतीच्या वाटेवर टेम्पो टाकळघाटकडे वळतो. शेतांच्या मध्ये काळ्या दगडांची वर्तुळे आहेत. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेली. नागपूर विद्यापीठासाठी शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केले, त्याचा अहवाल १९७० साली निघाला. एवढे अवजड दगड कोणी एकट्याने आणलेले नाहीत. पोरगा एका दगडावर हात ठेवतो आणि विचारतो, ‘तो नाला कुठला असेल?’ शेजारून जाणारा एक कोरडा ओढा मामा दाखवतात. तोच की दुसरा, कोण जाणे. आम्ही तिथे उभे राहून हिस्लॉपांसाठी आणि एकट्याने अंधार ओलांडणाऱ्या सगळ्यांसाठी प्रार्थना करतो.

हे वाचणाऱ्या मंडळ्यांना, आणि मंडळीबाहेरच्या प्रत्येक गावाला, मोहल्ल्याला, भजनी मंडळाला, कामगार संघटनेला माझी विनंती आहे. पुरुषांची अशी एक रात्र उभी करा. त्याला लागते काय? ओळखीच्या शेतकऱ्याचे वावर, पोतेभर गोवऱ्या, कणीक, वांगी, आणि ऐकून घेण्याची तयारी. वक्ते बोलावू नका, फलक लावू नका. ज्याला बरेच दिवस कोणी ‘कसा आहेस’ विचारलेले नाही, त्याला आधी बोलवा आणि तो बोलेल तेव्हा मध्ये बोलू नका. आणि हे वाचताना तुमच्याच मनावर ओझे असेल, तर शिबिराची वाट पाहू नका. आजच घरात किंवा मित्राला सांगा. टेलिमानसची सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येते.